लँकेस्टरच्या आमिश स्टॉलवरून अंडी-भाजी: काय विचारायचं, कसं आणायचं?

पिशवीधर
नमस्कार मंडळी. जुलैअखेर फिलाडेल्फियाहून पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर काउंटीत एका दिवसासाठी जायचं आहे, रूट ३४० वर बर्ड-इन-हँड गावाच्या बाजूला. आमिश (मोटारगाड्या टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज) शेतकऱ्यांच्या दारातल्या स्टॉलवरून चार डझन अंडी, कणसं आणि टोमॅटो घ्यायचा विचार आहे. शनिवार बरा की रविवार? अंड्यांवर ग्रेडचा शिक्का नसतो म्हणतात, मग ताजी कशी ओळखायची? परतीला दीड-दोन तास लागतील. आणि तिथलं सगळं सेंद्रियच असतं ना?

अंडाकरी
रविवार नकोच. त्या दिवशी आमिश लोक विक्री करत नाहीत, बहुतेक स्टॉलवर तशी पाटीच असते. शनिवारी ३४० वर पर्यटकांची झुंबड असते. जमलं तर शुक्रवारी सकाळी जा आणि न्यू हॉलंड ते इंटरकोर्स या गावांच्या मधले आडरस्ते धरा.

आता अंडी. स्टॉलवर माणूस असेल तर दोनच गोष्टी विचारा: कधीची आहेत, आणि धुतली आहेत का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. अंडं बाहेर येतं तेव्हा कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो कवचाची छिद्रं बुजवतो. धुतलं की तो जातो, म्हणून धुतलेलं अंडं थंडच ठेवावं लागतं, ४५ अंश फॅरेनहाइट किंवा त्याखाली. उन्हात टेबलावर मांडलेली धुतलेली अंडी मी तरी घेणार नाही. बर्फाच्या पेटीत किंवा फ्रिजमध्ये ठेवलेली घ्या.

खोक्यावरच्या तारखेला भुलू नका. हे लोक जुने खोके पुन्हा वापरतात, त्यामुळे त्यावरचा ००१ ते ३६५ मधला तीन आकडी पॅकिंगचा दिवस, ग्रेड, कंपनीचं नाव, यातलं काहीच आतल्या अंड्यांना लागू नसतं. स्वतःचे रिकामे खोके नेलेत तर बहुतेक ठिकाणी आनंदाने घेतात. खोका उघडून प्रत्येक अंडं बोटाने किंचित फिरवून बघा. खाली चिकटलेलं असेल तर ते तडकलंय, आतलं पाझरून सुकलंय.

घरी आणून पाण्यात सोडायची युक्ती फक्त वय सांगते. जुन्या अंड्यातला ओलावा जाऊन बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते, म्हणून ते उभं राहतं किंवा तरंगतं. आजारी पाडणारे साल्मोनेला जंतू असलेलं ताजं अंडं मात्र निमूट तळाशी बसतं. एफडीएचा (अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था) २००९ चा अंड्यांविषयीचा नियम ३,००० किंवा जास्त कोंबड्या असलेल्यांनाच लागू आहे, दारात विकणारे छोटे शेतकरी त्यात येत नाहीत. तेव्हा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. कच्चं अंडं घालून मेयोनीज करायचं असेल तर दुकानातली पाश्चराइझ्ड अंडी आणा.

गर्द केशरी बलक बघून हुरळून जाऊ नका, तो रंग खाद्यातून येतो. तपकिरी-पांढरं हा कोंबडीच्या जातीचा फरक. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर सुरीच्या टोकाने काढून टाका, बाकीचं खायला चालतं.

कणीस_कोवळं
कणसांचं मी सांगते. जुलैअखेर म्हणजे ऐन हंगाम. स्टॉलवर पानं सोलून दाणे बघू नका, उघडलेलं कणीस लगेच सुकतं आणि पुढचं गिऱ्हाईक ते घेत नाही. वरूनच शेंड्याकडे अंगठ्याने दाबा, दाणे टोकापर्यंत भरलेले लागले पाहिजेत. केस तपकिरी आणि किंचित चिकट हवेत. देठाचा काप ओलसर हवा. तो सुकून तपकिरी झाला असेल तर माल कालपरवाचा.

तोडल्यापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उष्णतेत तो वेग वाढतो. म्हणून गाडीत डिकीत टाकू नका. न सोलता, सरळ बर्फावर. टोकाला अळी निघाली तर तेवढा इंचभर तुकडा छाटा, बाकी कणीस ठीक असतं.

टोमॅटोचं उलट आहे. ते थंड पेटीत घालू नका, चव मरते. देठाची बाजू खाली करून एकाच थरात ठेवा. सॉससाठी हवे असतील तर डागाळलेल्यांचा स्वस्त ढीग आहे का विचारा. अर्धा बुशेल म्हणजे साधारण २५ पौंड होतात, तेव्हा त्याच दिवशी शिजवायची तयारी असेल तरच घ्या.

आणि सेंद्रियचं म्हणाल तर, नाही. आमिश शेतकरीही कीटकनाशकं, रासायनिक खतं वापरतात, काही जण वापरत नाहीत. यूएसडीएचा (अमेरिकेचं कृषी खातं) सेंद्रिय शिक्का प्रमाणपत्र असलेल्यांनाच लावता येतो. वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतच सेंद्रिय विक्री असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, नियम मात्र पाळावे लागतात. काय फवारलं, शेवटचं कधी, असं थेट विचारा. शिवाय काही स्टॉल लिओला गावातल्यासारख्या भाजीपाल्याच्या घाऊक लिलावातून आणलेला मालही ठेवतात. 'हे तुमच्याच शेतातलं का?' विचारलं तर कुणी रागावत नाही.

सुट्टेपैसे
एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर न्या. अनेक स्टॉलवर कोणी नसतं, फक्त फट असलेली कुलूपबंद पेटी. सुट्टे मिळत नाहीत, कार्ड तर विसराच. रस्त्यात आमिश लोकांची बग्गी (घोडागाडी) दिसली तर मागून हॉर्न देऊ नका, घोडा बिथरतो. माणसांचे फोटो काढू नका. कोंबड्यांच्या खुराड्याकडे मुलांना सोडू नका, बर्ड फ्लू चपलांवरून पसरतो.

पिशवीधर
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. बिनधुतलेली मिळाली तर घरी आल्यावर लगेच धुवू का?

अंडाकरी
नको. सुकी घाण कोरड्या कपड्याने पुसा आणि फ्रिजमध्ये ठेवा. धुवायचं ते वापरायच्या अगदी आधी, वाहत्या कोमट पाण्यात. पाणी अंड्यापेक्षा गरमच हवं. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाण्यात भिजत तर कधीच ठेवू नका. एकदा फ्रिजमध्ये गेलेली अंडी परत ओट्यावर काढून ठेवायची नाहीत, कवचाला घाम येतो आणि त्या ओलाव्यात जंतू वाढतात.

उकडायची असतील तर आठवडाभर थांबा. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग कवचाआतल्या पापुद्र्याला चिकटून राहतो आणि सोलताना निम्मं अंडं सालीबरोबर जातं. घाई असेल तर उकळत्या पाण्याच्या वाफेवर १२-१३ मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका.