घरातल्या पिढ्या आणि समलैंगिकांचे हक्क : तुमचे अनुभव लिहा

परवा घरात हा विषय निघाला, तर माझी सतरा वर्षांची लेक म्हणाली "यात चर्चा करण्यासारखं काय आहे?" आणि बाबा ताडकन उठून आत गेले, मी मधल्यामध्ये. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. वयाचा फरक खरंच एवढा असतो का? तुमच्याकडे काय झालं ते लिहा, मोकळेपणाने.

*

माझे वडील डॉक्टर, आता ७८ वर्षांचे. ते शिकत होते तेव्हा पुस्तकात हा आजार म्हणूनच होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ ला तो यादीतून काढायचं ठरवलं, जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी १७ मे १९९० उजाडू दिला, तोवर बाबांची निम्मी प्रॅक्टिस झालेली. गेल्या वर्षी हे सगळं बोलत बसलो होतो तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "एक मुलगा आला होता रे माझ्याकडे, मी त्याला लग्न कर, सगळं ठीक होईल असं सांगितलं." त्याचं नाव त्यांना अजून पाठ आहे. जुनी पिढी वाईट असं सरसकट म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, त्यांना जे शिकवलं ते चुकीचं होतं आणि ते मागे घेतलंय हे कुणी घरी येऊन सांगितलं नाही.

*

आमच्याकडे उलटंच. मी गे आहे, ३४. धाकटा भाऊ जून महिना, म्हणजे समलैंगिकांचा 'प्राइड' महिना, आला की पाठिंबा म्हणून सप्तरंगी डीपी लावतो, पण मी घरी सांगितलं तेव्हा पहिलं वाक्य त्याचंच, "ठीक आहे, पण बाहेर कळायला नको." आजीला तर सांगूच नये असं मला वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला यायला उशीर झाला तर तो जागा राहतो का?" हो म्हटलं. "मग झालं तर."

*

आयर्लंडचं उदाहरण मला फार धीर देतं. १९९३ पर्यंत तिथे पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होते आणि २०१५ ला सार्वमतात ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला हो म्हटलं. नुसत्या तरुण मतांवर एवढा आकडा होत नाही, म्हणजे गुन्हा मानणाऱ्या काळात वाढलेल्या कितीतरी जणांनी मत बदललं असणार ना?

*

शाळेत शिकवते. नवी पिढी आपोआप समजूतदार असते असं कृपया धरून चालू नका, आठवीतली मुलं अजूनही 'गे' हा शब्द शिवीसारखा वापरतात. मी वर्गात एकदाच शांतपणे विचारलं, इथे बसलेल्या कुणाला हा शब्द स्वतःचा वाटत असेल तर? मागच्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून वहीची कड चुरगाळत होता. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही आणि सोडणार नाही.

*

आम्ही दोघी १९ वर्षं एकत्र राहतो. मी ५२ ची. लोकांसाठी 'मैत्रिणी'. भारतात २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आम्हाला गुन्हेगार ठरवणं थांबवलं, पण लग्नाचा हक्क द्यायला २०२३ ला नकार दिला, आणि भाचा निरागसपणे विचारतो "मावशी, तुम्ही लग्न का करत नाही?" त्याला वाटतं हे आमच्या मनावर आहे. मध्यंतरी ती दवाखान्यात ॲडमिट होती, फॉर्म भरताना नात्याच्या रकान्यात मी सवयीने 'मैत्रीण' लिहिलं. भाच्याने माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि 'जोडीदार' लिहिलं. मी घाबरून काउंटरवरच्या बाईंकडे बघितलं, तोवर तो पुढच्या रकान्यात फोन नंबर लिहायला लागला होता.