अनुभव धागा: रंगरूप बघून कुणाला झुकतं माप देणं, हाही वंशभेदच ना?

गोदाकाठ
नाशिकच्या काळाराम मंदिरावरून जाताना १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आठवतोच. तिथे माणसांना दाराशी अडवलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. हल्ली बरेचदा अडवत नाहीत, 'या, तुम्ही पुढे या' म्हणतात. गोरा पाहुणा रांगेतून पुढे, गोरी मुलगी काउंटरला, आपल्या आडनावाचा पोरगा कामावर. कुणाचा अपमान नाही, शिवी नाही. माझ्या मते हा भेदभावच आहे. भरती, हॉटेल, फोटो, ज्याचं जे काम असेल त्यात माप कुठे झुकतं आणि ते सरळ कसं करायचं, ते लिहा.

कलम_पंधरा
कायद्यात याचं उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांचा वंशभेदविरोधी करार १९६५ चा, भारताने १९६८ मध्ये मान्य केला. पहिल्याच कलमात वेगळं वागवणं, वगळणं, निर्बंध घालणं आणि *पसंती देणं* हे चारही एका ओळीत आहेत. शिवाय 'हेतू किंवा परिणाम' असं म्हटलंय, म्हणजे मनात द्वेष नव्हता ही सबब चालत नाही.
आता आरक्षणाचं कुणीतरी काढेलच. त्याच कलमाचा चौथा भाग वाचा. मागे राहिलेल्यांना बरोबरीला आणण्यासाठीचे विशेष उपाय भेदभावात मोजत नाहीत, अट एवढीच की उद्देश साधल्यावर ते चालू ठेवायचे नाहीत. आपल्या घटनेत अशा उपायांना मुभा देणारं कलम १५(४) हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. जात ही 'वंश' या शब्दात बसत नाही अशी भारत सरकारची भूमिका आहे, पण जातीवरून भेदभावाला कलम १५ मध्ये स्वतंत्र मनाई आहेच.

मायक्रोमीटर
अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या भरतीत खरा घोळ 'रेफरन्स'चा. सुपरवायझर आपल्यातला आणतो, तो त्याच्यातला आणतो. दोन वर्षांत अख्खी शिफ्ट एका गोताची.
अर्जांना नंबर द्या. नाव, फोटो, पत्ता झाका. ईमेल आयडी आणि फाइलचं नाव हमखास राहून जातं, आडनाव तिथेच असतं. मग आधी प्रात्यक्षिक, गप्पा नंतर. २५ एच७ चा शाफ्ट हातात द्यायचा (म्हणजे व्यास २५.००० ते २४.९७९ मिमी), पाच ठिकाणी मोजून लिहायला सांगायचं. मोजण्याआधी झीरो एरर (मायक्रोमीटर बंद असताना शून्यच दाखवतो ना) बघितला का, यालाही गुण. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि खोलीतून उठायच्या आधी शाईने लिहायचे. नंतर लिहिले की 'पोरगा घरचा आहे' म्हणून दोन गुण वाढतात. रेफरन्सवाल्यालाही तीच परीक्षा, आणि आणणारा गुण द्यायला बसणार नाही.

सावलीताई
@मायक्रोमीटर दादा, व्हर्नियरवर चालेल का? आमच्याकडे ०.०२ वालाच आहे.

मायक्रोमीटर
नाही ताई, २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सला (मापात चालणाऱ्या फरकाला) तो पुरत नाही. ०.०१ चा मायक्रोमीटर तरी हवाच.

पायवाट
पण गोऱ्या पाहुण्याला पाणी आधी दिलं तर बिघडलं काय? अतिथी देवो भव.

फ्रंट_ऑफिस
पाण्याने काही बिघडत नाही. पण शनिवारी संध्याकाळी गंगापूर धरणाकडे तोंड असलेली दोनच टेबलं शिल्लक असतात. तिथे एकाला वर घेतलं की दुसरा खाली जातोच. म्हणून वेटिंगच्या वहीत नावापुढे वेळ लिहायची. खोली बदलून दिली तर कारणाचा रकाना भरायचा: एसी बंद, लग्नाचा वाढदिवस, नेहमीचे पाहुणे. कारण लिहिता येत नसेल तर बदलून द्यायची नाही.
दुसरं, चेहरा बघून पासपोर्ट मागू नका. मणिपूर-नागालँडच्या पाहुण्यांना हे फार सोसावं लागतं. सगळ्यांना एकच वाक्य: 'ओळखपत्र द्या.' परदेशी नागरिक असेल तरच पासपोर्ट-व्हिसा आणि २४ तासांत ऑनलाइन माहिती. तो नियम नागरिकत्वाचा आहे, नाकाडोळ्यांचा नाही.

सावलीताई
हे वाचून वाईट वाटलं. आपल्याच देशात पासपोर्ट दाखवायचा.

उजेड
फोटोवाल्यांसाठी. पूर्वी कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं, त्यावर गोरी बाई. यंत्र तिच्या त्वचेला जुळवलेलं, म्हणून सावळे चेहरे काळवंडायचे. द्वेष कुणाचाच नव्हता, पसंती मात्र होती.
आजही कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर मधला करडा रंग धरून चालतो. पांढऱ्या पडद्यापुढे सावळा नवरदेव उभा केला की चेहरा काळा पडतो. स्पॉट मीटरिंग (एकाच जागेचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर ठेवा, पडदा मधल्या रंगाचा घ्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. मोठा मऊ उजेड बाजूने, दुसरीकडून रिफ्लेक्टर. समोरून थेट फ्लॅश नको, कपाळ तेवढं चमकतं. ब्यूटी मोड बंद, तो न विचारता रंग उजळवतो. जोडप्यात एक गोरं, एक सावळं असेल तर एक्स्पोजर सावळ्यावर धरा आणि गोऱ्याचे हायलाइट फुटत नाहीत ना (उजळ भाग पार पांढरे पडत नाहीत ना), एवढं हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) बघा.

पायवाट
वहीत वेळ लिहायचं पटलं. उद्यापासून आमच्याकडेही.

गोदाकाठ
@उजेड मोबाइलवर स्पॉट मीटरिंग कसं? भाचीचा साखरपुडा आहे रविवारी.

उजेड
चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की हवा तसा उजेड वर-खाली ओढा. आणि हॉलवाल्याला निळे-जांभळे दिवे बंद ठेवायला सांगा.