रेमिंग्टन नायलॉन ६६ च्या दस्त्यावरचे ओरखडे कसे घालवू? सल्ला हवाय

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी, सासऱ्यांची रेमिंग्टन नायलॉन ६६ रायफल आता माझ्याकडे आलीये, मोहॉक ब्राउन रंगाची. चालते एकदम मस्त, पण त्यांनी ती आयुष्यभर वापरली, गाडीत मागे टाकून फिरवली, त्यामुळे दस्त्याची उजवी बाजू पार ओरबाडलीये, उजेडात तिरकी धरली की पांढुरक्या रेघाच रेघा आणि दोन चरे तर इतके खोल की नख अडकतं. लाकूड असतं तर घासून तेल पाजलं असतं, पण या प्लास्टिकचं काय करू? रंग मारू का?

प्रतिसाद १:
रंग अजिबात नको! १९५९ साली ही रायफल आली तेव्हापासून दस्ता ड्यूपाँ कंपनीच्या झायटेल नायलॉनचा आहे, रंग वरून मारलेला नाही, आरपार आहे, ते तपकिरी पट्टेसुद्धा मालातलेच. म्हणजे घासलं तरी खाली तोच रंग निघतो, यापेक्षा चांगली गोष्ट नाही.
आधी चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) रिकामा आहे का बघ, आणि हिची मॅगझिनची, म्हणजे गोळ्या साठवायची नळी दस्त्याच्या आत असते, तीही बाहेर काढून बघ. मग साबणाच्या पाण्याने धू, अर्ध्या रेघा नुसता मळ निघतो. चऱ्याच्या काठाला नायलॉन वर उचललेलं असतं ते ब्लेड उभं धरून हलकेच खरवड, त्यानंतरच वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर), ४०० नंबरपासून ६००, ८००, १००० असं बारीक करत चढत जा आणि कायम ओलं ठेव, कोरडं घासलंस तर नायलॉनला लव सुटते. पकडीसाठी कोरलेल्या चौकटीच्या नक्षीवर पेपर नेऊ नकोस, तिथे फक्त जुना टूथब्रश.

प्रतिसाद २:
मी हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवतो, बारीक पांढऱ्या रेघा बघता बघता गायब होतात.

प्रतिसाद १:
दुसऱ्या एखाद्या प्लास्टिकवर चालेल, पण हिच्यावर कृपया नको. हिचा रिसीव्हर (बोल्ट वगैरे यंत्रणा बसते तो मधला भाग) वेगळा नाही, तो दस्त्याचाच भाग आहे, वरचं लोखंड नुसतं झाकण आहे, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता भाग, नायलॉनवरच सरकतो. उष्णतेने तिथे जरा वाकडं झालं तर बोल्ट अडकेल आणि मग ते सरळ करता येत नाही. मशीनवरचं बफिंगही त्याच कारणासाठी नको, हातानेच कर.

प्रतिसाद ३:
माझ्या जुन्या स्टीव्हन्स बंदुकीचा दस्तापण प्लास्टिकचा आहे, हीच पद्धत चालेल?

प्रतिसाद १:
तो टेनाइट असेल तर जपून, ते नायलॉन नाही, सेल्युलोजपासून केलेलं प्लास्टिक आहे. ॲसिटोन किंवा थिनर लागला की पृष्ठभाग विरघळून चिकट होतो, शिवाय जुनं टेनाइट ठिसूळ होतं, स्क्रू आवळताना हात हलका ठेव. घासणं तेच, फक्त दाब निम्मा.

धागाकर्ता:
दोन संध्याकाळी बसलो. १००० नंतर फारच मॅट दिसायला लागलं म्हणून २००० मारला, मग हेडलाइटचं पॉलिश मऊ फडक्याने, आणि जुनी मंद झील परत आली. नख अडकणाऱ्या दोनपैकी एक चरा गेला. दुसरा नक्षीला अगदी चिकटून आहे, तो काढायचा तर नक्षी खाल्ली गेली असती, म्हणून ठेवला. सासूबाईंनी हातात घेतली आणि अंगठा बरोबर त्याच चऱ्यावर ठेवला.