बार्जवरच्या वेल्डरने 'काम थांबवा' म्हणायचं ते कुणाच्या जिवावर?

कोयनाकाठ (कराड)

परवा विट्याजवळच्या एका गावातून बाप-लेक घरी आले होते. पोरगा आयटीआय झालेला वेल्डर, वय २२. दिवाळीनंतर समुद्रातला सीझन सुरू होतो, तेव्हा बॉम्बे हायला, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, एका बार्जवर जायचं ठरलंय. मेडिकल झालंय, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर त्यातून बाहेर कसं पडायचं याचं ट्रेनिंगही झालंय. पोरगा खुशीत होता. वडील चहा संपेपर्यंत गप्प होते, मग एकच विचारलं, "सर, तिथं वारं सुटलं तर ह्याला माघारी कोण आणणार?"

मी १४ वर्षं ठेकेदार कंपन्यांकडे सेफ्टी ऑफिसर म्हणून समुद्रात होतो. तरी मला सरळ उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

१७ मे २०२१, तौक्ते वादळ. पी-३०५ हा ओएनजीसीच्या कामावरच्या कामगारांना राहायचा बार्ज. त्याला स्वतःचं इंजिन नाही. टगने (ओढणाऱ्या छोट्या जहाजाने) न्यायचा आणि नांगरांवर उभा करायचा. वर २६१ माणसं. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. नांगर सुटले, बार्ज वाहत जाऊन समुद्रात उभ्या असलेल्या तेलाच्या एका प्लॅटफॉर्मवर आदळला, भोक पडलं आणि बुडाला. नौदलाने त्यातल्या १८६ जणांना वाचवलं. बार्ज आणि त्याच वादळात बुडालेला वरप्रदा टग मिळून ८६ माणसं गेली. त्यात ठेकेदारांची माणसं किती होती हे मोजत बसायची गरज नाही, जवळजवळ सगळी तीच.

पुढे पेट्रोलियम मंत्रालयाने तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली. त्यात नौवहन (जहाजं) महासंचालक आणि हायड्रोकार्बन (तेल-वायू) महासंचालक होते. म्हणजे ज्या खात्यांची देखरेख कुठे कमी पडली हे पाहायचं, त्याच खात्यांचे प्रमुख तपासणार. माझा आक्षेप इथेच आहे. आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे नियम २००८ पासून आहेत आणि ते राबवणारं ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) १९८६ पासून आहे. पण ओआयएसडी पेट्रोलियम मंत्रालयाखाली आणि ओएनजीसीही त्याच मंत्रालयाखाली. तेल किती निघालं याचा हिशोब घेणारा आणि माणूस सुखरूप आला का हे बघणारा, एकाच घरातले.

ब्रिटनमध्ये ६ जुलै १९८८ ला पायपर अल्फा हे समुद्रातलं तेलाचं प्लॅटफॉर्म जळालं, १६७ माणसं गेली. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीवरून तिथे सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून वेगळ्या यंत्रणेकडे दिलं. नॉर्वेने २००४ मध्ये हेच केलं. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये तेलविहिरीच्या स्फोटात ११ माणसं गेल्यावर अमेरिकेनेही तेलाचा महसूल आणि सुरक्षा यांची खाती तोडली. आपण कधी तोडणार?

सज्जनगड_पायथा (सातारा)

धागाकर्त्यांची तळमळ कळते, पण निदान पटत नाही.

मी नौदलात २० वर्षं काढली. जहाजाच्या सुरक्षेबाबत शेवटचा शब्द मास्टरचा, म्हणजे कप्तानाचा, हे आयएसएम कोडमध्ये (जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) स्वच्छ लिहिलेलं आहे. किनाऱ्यावरचा साहेब काहीही म्हणो. वादळ येतंय आणि बंदर गाठायचं की नाही हे ठरवायला दिल्लीत नवं ऑफिस कशाला? नवीन खातं म्हणजे नवीन फाइल, नवीन सही, आणि बार्जवर एक कपाट जास्त. नियम भरपूर आहेत. ते मोडणाऱ्याला शिक्षा होत नाही, हे दुखणं आहे. दोन मास्टर आणि दोन मॅनेजर आत गेले की सगळ्यांना इशारे वाचता येतील.

कुपवाड_फॅब (सांगली)

माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, समुद्रातल्या कामाचे स्ट्रक्चर मोठ्या ठेकेदारासाठी करतो, कधी माणसंही देतो. म्हणजे इथे ज्यांना शिव्या बसणार त्यांच्यातलाच मी. तरी लिहितो.

वेगळी यंत्रणा आली की ती ब्रिटनसारखी सेफ्टी केस मागणार: काम सुरू करण्याआधी सगळे धोके मांडा, काय उपाय केलेत ते सिद्ध करा. ते मोठ्या कंपनीला जमतं. आमच्यासारख्याला त्यासाठी सल्लागार आणावा लागतो आणि टेंडर तर सगळ्यात कमी दरवाल्यालाच. मी चांगले हार्नेस, चांगली माणसं, दोन जादा दिवस धरले की माझा दर वर जातो आणि काम शेजारी घेतो. सीझन मेअखेर संपतो. पाऊस लागायच्या आत काम उरकलं नाही तर दंड. मग १३-१४ मेला 'आणखी चार दिवस' कोण म्हणतो, ते बघा. तो नुसता हव्यास नसतो, कराराची तारीखही असते.

माझं म्हणणं असं: सुरक्षेचा खर्च टेंडरमध्ये वेगळ्या ओळीत, ठरलेल्या रकमेचा ठेवा. त्याच्यावर कुणी दर कमी करायचाच नाही. आणि वादळाचे दिवस दंडातून आपोआप वजा. खातं कुठल्या मंत्रालयाखाली आहे याने माझ्या कोटेशनमधला एक आकडाही हलत नाही.

आटपाडीकर

आमच्या भागात पाऊस नाही, पाणी आलंय ते आत्ता आत्ता. समुद्रात गेलेल्या पोरांनी घरं बांधली, बहिणींची लग्नं केली. तुम्ही असे धागे काढून बापांच्या मनात भीती घालता. पोरगं घरी बसलं तर त्याला कराडहून कोण पगार पाठवणार आहे?

कोयनाकाठ (कराड)

@आटपाडीकर, मी त्याला जाऊ नको म्हणालो नाही. मीही त्याच पगारावर घर बांधलं. जायचं आहे म्हणूनच विचारतोय.

@सज्जनगड_पायथा, मास्टरच्या शेवटच्या शब्दाबद्दल. २७ जुलै २००५ आठवा, मुंबईच्या २६ जुलैच्या पुराचा दुसरा दिवस. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर एका आचाऱ्याची बोटं कापली. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना, म्हणून त्याला बॉम्बे हायच्याच मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. जहाज जागेवर धरणाऱ्या थ्रस्टरमध्ये बिघाड. प्लॅटफॉर्मच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणलं. माणूस चढवला, पण माघारी फिरताना लाटेने जहाज उचललं आणि त्याचं हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरायची जागा) गॅसच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर, आदळलं. दोन तासांत प्लॅटफॉर्म गेला, २२ माणसं गेली. जवळ जायचा निर्णय मास्टरचा, मान्य. बंद पडलेली क्रेन कुणाची? तिथे रायझर उघडा कुणी ठेवला? मास्टरला आत टाकून ती क्रेन सुरू होत नाही.

@कुपवाड_फॅब, वेगळ्या ओळीचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

तासगावचा_फिटर

मी टाइप करायला स्लो आहे, चुका पोटात घाला.

नऊ सीझन केले. एक सांगतो. कंपनीचं नाव सांगत न्हाई, अजून पोटापाण्याचा प्रश्न हाय. एप्रिलचा शेवट, वारं वाढलेलं. स्कॅफोल्डवर (परांचीवर) आम्ही दोघं, खाली पाणी काळं दिसत हुतं. बार्ज वर-खाली व्हायला लागला की गँगवे कचकच वाजतो, तो आवाज कानात बसलाय. मी फोरमनला म्हणलं, उतरू या. तो म्हणला, "परमिट संध्याकाळी सहापर्यंत हाय, एक जॉइंट राहिलाय." मी उतरलो. भांडलो न्हाई, शिवी दिली न्हाई, नुसता उतरलो. जोडीदार राहिला, त्यानं जॉइंट पुरा केला. काय झालं न्हाई त्याला.

पुढच्या सीझनला त्याला बोलावणं आलं, मला न्हाई. कागदावर कुठं काय लिहिलेलं न्हाई. मुकादम एवढंच म्हणला, "ह्या वेळी माणसं भरली." दोन सीझन मी कुपवाडला गेट वेल्ड केले.

भिंतीवर बोर्ड हुता: प्रत्येकाला काम थांबवायचा अधिकार. मराठीत पण लिहिलं हुतं. आता मला सांगा, दिल्लीतलं खातं वेगळं केलं तर मुकादमाचा फोन येईल का? आणि त्या वेगळ्या ओळीतला पैसा माझ्यापर्यंत येईल का?

मिरजेची_ताई

माझा भाऊ समुद्रात असतो. पी-३०५ च्या वेळी तो दुसऱ्या बार्जवर होता आणि आम्हाला तीन दिवस कुणी हेही सांगितलं नाही. कंपनीचा नंबर होता, पण ती कंपनी म्हणे फक्त माणसं पुरवणारी, यादी वरच्या ठेकेदाराकडे. वरचा म्हणाला यादी बार्जवर. आई दारातून हलली नाही. मुंबईत तर कित्येकांची ओळख डीएनए तपासणीने पटवावी लागली. घरच्यांसाठी एक नंबर आणि कोण कुठल्या बार्जवर आहे याची एक यादी किनाऱ्यावर, रोजच्या रोज. एवढं तरी कुठल्याही खात्याने करावं. वाद नंतर घाला.

सज्जनगड_पायथा (सातारा)

तासगावच्या भाऊंचा प्रतिसाद दोनदा वाचला. जहाजावर मास्टरला पाठबळ असतं, त्याच्या खाली परवाना घेऊन स्कॅफोल्डवर उभ्या असलेल्या माणसाला नसतं, हे मी धरलंच नव्हतं. पायपर अल्फाचंच आठवलं: तिथे आग दिसत असतानाही शेजारचे टार्टन आणि क्लेमोर प्लॅटफॉर्म तेल ढकलत राहिले, कारण बंद करायचा निर्णय आपला नाही असं तिथल्या माणसांना वाटलं. अधिकारी असून ही गत. नवीन खात्याबद्दल माझं मत तेच आहे. पण थांबणाऱ्या माणसाचं नाव पुढच्या सीझनला गळता कामा नये, हा नियम हवा.

कोयनाकाठ (कराड)

नॉर्वेत आहे तसा. तिथे कामगारांनी निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी असतो, त्याला धोक्याचं काम थांबवायचा अधिकार कायद्याने दिलाय, फोरमनच्या मर्जीवर ठेवलेला नाही. पण तो कायदा राबवणाराही तेलाच्या हिशोबापासून वेगळा आहे, म्हणून मी तिथेच अडून बसलोय. आपल्याकडे मुकादमाला 'माणसं का भरली' हे विचारणारा आज कुणीच नाही.

तासगावकर, त्या पोराला तुम्ही काय सांगाल? वडील रविवारी परत येणार आहेत.

तासगावचा_फिटर

जा म्हणावं. चढल्या दिवशी झोपायच्या आधी स्वतःचं लाइफजॅकेट बाहेर काढायचं. पट्टे ओढून बघायचे, शिट्टी फुंकायची, दिवा लागतो का बघायचा. लाइफराफ्टवर तपासणीची तारीख असती, ती वाचायची आणि फोटो काढून घरी पाठवायचा. पी-३०५ वरनं वाचलेली माणसं सांगत हुती की राफ्ट पंक्चर निघाल्या. बार्जचं नाव, टगचं नाव आणि वरच्या ठेकेदाराचं नाव कागदावर लिहून आईकडं द्यायचं, मिरजेच्या ताईंसारखं व्हायला नको.

आणि उतरावंसं वाटलं तर एकट्यानं उतरू नको म्हणावं. जोडीदाराला घेऊन उतर.