ग्लेन गूल्डचा बाख ऐकला, पण सुरुवातीची चाल नंतर जाते कुठं?

पेटीवाला सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडं रविवारी संध्याकाळी पाचसात जण जमतेत गाणं ऐकायला, बहुतेक वेळा ख्याल नायतर नाट्यसंगीत. ह्या वेळी भाच्यानं हट्टानं बाख म्हणून जुना जर्मन संगीतकार, त्याचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (म्हणजे एका आरियावरचे ३० प्रकार) लावलं, ग्लेन गूल्ड म्हणून कॅनडाचा पियानोवाला, त्याचं १९८१ चं रेकॉर्डिंग. ५१ मिनिटं कुणी जागचं हललं नाही, पण संपल्यावर जी चर्चा सुरू झाली ती पार जेवणाची ताटं पडेपर्यंत.

एक जण म्हणायले हात लई स्वच्छ आहे पण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, सूर तुटक तुटक, जीव लागंना. आमची मंडळी (म्हणजे बायको) म्हणाली की सुरुवातीचं ते संथ वाजवलेलं, आरिया, ते ऐकून डोळ्यात पाणी आलं, मग लगेच एवढ्या जोरात का सुटला हा माणूस. सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे एक जुने स्नेही आहेत, तेलुगू घरातले, आयुष्य यंत्रमागावर गेलं, ते मात्र डोळे मिटून ऐकायले होते, म्हणले एक माणूस कुठाय, तीन जण वाजवायलेत की ओ, प्रत्येकाची वाट वेगळी. चार माग चालू असताना कुठला बिघडलाय ते आवाजावरून सांगणारा माणूस, त्यांना ऐकू आलं, आम्हाला नाही. आणि दोघांचा सगळा जीव त्या गुणगुणण्यातच अडकला, गूल्ड वाजवताना मागं सारखं गुणगुणतोय, रेकॉर्डिंगवाल्यांनी ते काढलं का नाही म्हणून.

माझा प्रश्न वेगळा आहे. आरियाची चाल मी पेटीवर थोडीफार बसवली, पण पुढच्या ३० तुकड्यात ती मला कुठंच सापडंना. शेवटी तीच आरिया जशीच्या तशी परत येते. मग मधले ३० प्रकार नक्की कशाचे? आणि भाचा म्हणतोय १९८१ चं राहू द्या, त्याचं १९५५ चं ऐका. ते कसं आहे?

मूळची_सोलापूरची

काका, चाल शोधताय म्हणून सापडत नाहीये, डावा हात ऐका. हे सगळे प्रकार वरच्या चालीचे नाहीतच, खालच्या खर्जाचे, म्हणजे डाव्या हाताच्या सुरांच्या ओळीचे आहेत. पेटीवर पांढरी पाच सा धरा आणि खालच्या सप्तकात एवढंच वाजवा: सा नि ध प, ग म प सा. सगळे शुद्ध. तीन मात्रांचं एक माप, प्रत्येक मापाला एक सूर, ही झाली पहिली आठ मापं. अशी एकूण ३२ मापं आहेत, १६ मापांनंतर मुक्काम पंचमावर, दुसऱ्या भागात मधे धैवताकडं वळून परत सा वर. आरियात ह्याच खर्जावर एक सुंदर नटवलेली चाल बसवलीय, आणि पुढच्या प्रत्येक प्रकारात ती चाल बाजूला ठेवून त्याच खर्जावर नवीन काहीतरी उभं केलंय. मला स्वतःला हे कळायला पियानो शिकूनही फार उशीर झाला, कारण आपला कान वरच्या सुराला चिकटतो, लहानपणापासून तीच सवय.

तुमच्या स्नेह्यांचा कान मात्र खरंच भारी आहे. दर तिसरा प्रकार कॅनन आहे, म्हणजे एक आवाज पुढं जातो, दुसरा तेच थोड्या उशिरानं म्हणत मागून येतो आणि बहुतेक वेळा खाली तिसरा खर्ज चालू असतो. तिसऱ्या प्रकारात दोघं एकाच सुरावरून, सहाव्यात दुसरा एक सूर वरून, असं वाढत वाढत सत्ताविसाव्यात नवव्या सुरापर्यंत. तीन जण वाजवायलेत हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं!

तबला_विजापूर_रोड

ताई हे वाचून लगेच ऐकलं, आता डोक्यात बसलं. म्हणजे हा लेहरा झाला की. सोलो तबल्याला पेटीवर तोच लेहरा फिरत राहतो आणि आम्ही त्यावर पेशकार, कायदे, रेले काय वाट्टेल ते वाजवतो, ऐकणाऱ्याला लेहरा माहीत असला तरच आम्ही कुठं आहे ते कळतं, नायतर नुसता कडकडाट. काका, तुमच्या बैठकीत आधी पाच मिनिटं तो खर्ज नुसता पेटीवर ऐकवा सगळ्यांना, मग लावा, माझी खात्री आहे सगळी मतं बदलतील.

मूळची_सोलापूरची

बरोबर, फक्त लेहरा जसाच्या तसा राहतो आणि इथं खर्जही रंग बदलतो. १५, २१ आणि २५ हे तीन प्रकार मायनरमध्ये आहेत, तिथं कोमल सूर येतात आणि २१, २५ मध्ये खर्ज अर्ध्या अर्ध्या सुरानं उतरतो. सत्ताविसाव्यात तर वेगळा खर्जच नाही, दोनच आवाज. पण तोपर्यंत तो इतका अंगात भिनलेला असतो की न वाजवताही ऐकू येतो.

जुनी_तबकडी

गूल्डबद्दल सांगतो. १९५५ ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं हे रेकॉर्ड केलं तेव्हा तो २२ वर्षांचा होता. सगळं साडेअडतीस मिनिटांत, एकही भाग दोनदा घेतलेला नाही. आरिया तिथं दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ ला तीनच्या वर जाते. भाच्याला १९५५ का आवडतं ते समजू शकतो, त्या वयात तो वेग अंगावर येतो आणि तरी प्रत्येक बोट स्वच्छ. पण माझं मत ठाम आहे, १९८१ जास्त खोल आहे, कारण तिथं त्यानं सगळ्या प्रकारांची लय एकमेकांशी हिशोबात बांधली, एका मूळ ठोक्यातून पुढचा निघतो, म्हणून वहिनींना आरियानंतर दचकल्यासारखं झालं तरी पुढं सगळं एका धाग्यात वाटतं. १९८१ म्हणजे नुसतं संथ हेही खरं नाही, पंचविसावा प्रकार दोन्हीकडं सहा मिनिटांच्या आसपास आहे, उलट १९८१ चा थोडा कमीच.

गुणगुणण्याचं म्हणाल तर त्याची आई त्याची पहिली शिक्षिका, वाजवशील ते गात जा असं तिनंच शिकवलेलं, ते आयुष्यभर सुटलं नाही. १९८१ चं चित्रीकरण मिळतं, नक्की बघा, बुटक्या खुर्चीत बसलाय, नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकलेलं, एक हात मोकळा झाला की त्या हातानं स्वतःलाच लय देतोय. ४ ऑक्टोबर १९८२ ला तो गेला, जेमतेम ५० वर्षांचा. हे मनात ठेवून ऐकलं की मला ते गुणगुणणं खटकतच नाही, हवंसं वाटतं.

खर्जाचा_भक्त

सगळे पियानोवरच बोलायलेत म्हणून लिहितो. बाखनं १७४१ मध्ये हे छापलं ते हार्प्सिकॉर्डसाठी, तेही दोन पट्ट्यांच्या, म्हणजे एकावर एक दोन कीबोर्ड असलेल्या. तार हातोडीनं वाजत नाही, छेडली जाते, बोट जोरात मारा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच. आणि मींड नाही ही तक्रार गूल्डवर नको, हार्प्सिकॉर्डलाही ती नाही, पियानोलाही नाही, मग खटके-मुरक्या घालून सूर जिवंत ठेवायचा, आरिया बघा कशी भरलीय त्यांनी. काही प्रकारांत दोन हात एकमेकांच्या अंगावरून जातात, दोन पट्ट्या असल्या की सोपं पडतं, पियानोच्या एकाच पट्टीवर बोटं अक्षरशः आपटतात. वांडा लँडोव्स्काचं १९३३ चं हार्प्सिकॉर्डवरचं ऐका, तुमचे पूर्व भागातले स्नेही खूश होतील, दोन आवाज वेगळ्या पट्टीवर वेगळ्या रंगात येतेत.

आणि माझी खरी तक्रार दुसरी आहे. प्रत्येक भाग दोनदा वाजवा असं बाखनं लिहिलंय. गूल्डनं पहिल्यांदा एकही पाळलं नाही, नंतर मोजकेच. पहिल्या वेळी कान वरच्या आवाजाकडं जातो, दुसऱ्या वेळी खाली जायला मोकळा होतो, ती संधीच काढून घेतली की हो.

जुनी_तबकडी

हे नाही पटलं. सगळं दोनदा घेतलं तर सव्वा तास होतो, आणि दुसऱ्या वेळी नवीन काही सांगायचं नसेल तर का वाजवायचं?

खर्जाचा_भक्त

सांगायचं असतं की. आंद्राश शिफचं २००१ चं बासेलच्या मैफलीतलं ऐका, पियानोच आहे, पेडल अगदी बेतानं, आणि दुसऱ्या फेरीत तो अलंकार बदलतो.

पेटीवाला सोलापूर

ताई, सा नि ध प ग म प सा आज सकाळी पेटीवर बसवलं आणि भाच्याला मोबाईलवर पहिला प्रकार लावायला सांगितला, तिसऱ्या मापापासून सापडायला लागलं! पंचविसाव्यात मात्र परत हरवतो, तिथं अजून बसावं लागणार. ह्या रविवारी शिफ लावतो, सगळ्या फेऱ्यांसकट, आणि आधी खर्ज ऐकवतो. खर्जाचा भक्त, लँडोव्स्का त्याच्या पुढच्या रविवारी, सोलापुरात असाल तर या की, पेटी आहे, जेवण आहे, आणि आमच्या स्नेह्यांशी भेटही होईल.