आफ्रिकेतील मोठ्या शिकारीच्या सफारीचा खरा खर्च किती, आणि तो कशाकशावर होतो?

प्रश्न : अरण्यवाचक

नमस्कार. आफ्रिकेतील वन्यजीव संवर्धनाच्या अर्थकारणावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्यासाठी गेले काही आठवडे शिकारीच्या सफारींची दरपत्रके वाचत आहे. मी स्वतः शिकार करत नाही आणि करणारही नाही; परंतु या विषयावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक पैशांचेच दाखले देतात, म्हणून तो पैसा किती आणि कशाचा हे आधी नीट समजून घ्यावे असे वाटते.

माझ्यासमोर झिम्बाब्वेतील एक दरपत्रक आहे. केप बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकी रानम्हशीच्या, दहा दिवसांच्या शिकारीसाठी दिवसाला 1,000 डॉलर आणि वर जनावरासाठी वेगळी 5,000 डॉलर 'ट्रॉफी फी', म्हणजे एकूण 15,000 डॉलर. एवढ्यात खरोखर भागते का? सिंहाचा आकडा याच्या कित्येक पट का असतो? आणि यातले किती पैसे त्या जनावरांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचतात? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.

प्रतिसाद : हिशेबनीस

झांबेझी खोऱ्यात शिकारीच्या सफारी चालवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब मी सहा हंगाम सांभाळले, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला खात्रीने देता येईल. 15,000 डॉलरमध्ये भागत नाही. तो आकडा खोटा नसतो, पण तो फक्त छावणीच्या आतला असतो.

आधी त्या दोन रकमांमधला फरक सांगतो. दैनिक दर हा माणसांचा, गाडीचा आणि जागेचा खर्च आहे. परवानाधारक व्यावसायिक शिकारी, ज्याला तिकडे सगळे 'पीएच' म्हणतात, दोन माग काढणारे, चालक, सोबत दिलेला रक्षक, आचारी, कातडी सोलणारे, तंबू, डिझेल हे सर्व त्यात येते. पावसाळ्यात वाहून गेलेले रस्ते दरवर्षी नव्याने साफ करावे लागतात. तो खर्चही त्यातूनच निघतो. हा दर जनावर मिळो न मिळो, द्यावाच लागतो. ट्रॉफी फी मात्र जनावर पडले तरच लागते, किंवा जखमी झाले तर. हे 'जखमी झाले तर' बहुतेक पाहुणे दरपत्रकात वाचतात आणि विसरतात. रक्त सांडले की जनावर विकले गेले, असा तिथला नियम आहे.

एक प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. एका पाहुण्याची गोळी बफेलोला मागच्या बाजूला लागली आणि ते दाट झुडपांत शिरले. माग काढणाऱ्याने संध्याकाळी मोपाने झाडाचे एक पान छावणीत आणले. त्यावर मसुराएवढा वाळलेला काळपट डाग होता. पुढचे तीन दिवस सगळी माणसे त्या एका जनावरामागे होती. ते सापडले नाही. मी वहीत पूर्ण 5,000 डॉलर मांडले. पाहुण्याने ते निमूटपणे दिले, पण जखमी बफेलो मोकळे फिरते आहे याचे ओझे त्या पीएचच्या चेहऱ्यावर हंगामभर दिसत होते. पुढे कोणावर ते कधी धावून येईल हे सांगता येत नाही.

आता बाहेरचा खर्च. दैनिक दरावर आणि ट्रॉफी फीवर काही टक्के सरकारी अधिभार लागतो. छावणी दूर असेल तर छोटे विमान भाड्याने घ्यावे लागते आणि त्याचे जाऊन-येऊन तीन हजारांच्या आसपास होतात. बक्षिसी ऐच्छिक असते असे म्हणतात, पण एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास ती देण्याची रीत आहे आणि माग काढणाऱ्यांच्या घरांत ती पगाराइतकीच महत्त्वाची असते. सोबत शिकार न करणारी पत्नी किंवा मित्र असेल तर त्याचे दिवसाला शंभर-दोनशे डॉलर वेगळे. बंदूक स्वतःची न्यावी तर कागदपत्रांचा त्रास, तिथली भाड्याने घ्यावी तर दिवसाचे भाडे. मग शिंगे व कातडे जंतुमुक्त करून बांधणे, ज्याला 'डिप अँड पॅक' म्हणतात, पेटी, निर्यातीची कागदपत्रे आणि मालवाहतूक मिळून आणखी अडीच-तीन हजार. घरी पोहोचल्यावर मुंडके भिंतीवर लावण्याजोगे करून घेण्याचे हजार-दीड हजार. ती पेटी यायला बहुधा वर्षाच्या आसपास लागते. हे सगळे धरले तर आपल्या दरपत्रकातील शिकार आंतरराष्ट्रीय विमानप्रवास सोडून 23 ते 25 हजारांवर जाते.

सिंहाचे म्हणाल तर तिथे दिवसांची संख्याच किंमत ठरवते. टांझानियात सिंहाच्या परवान्यासाठी 21 दिवसांची सफारी घ्यावी लागे. दिवसाला 2,000 डॉलर धरले तरी जनावराच्या आधीच 42,000 झाले. त्यात आमिष म्हणून जी जनावरे मारून झाडाला टांगतात त्यांची ट्रॉफी फीही पाहुण्याच्याच खात्यावर पडते. शिवाय सिंह किमान सहा वर्षांचा असावा असा तिथला नियम आहे, त्यामुळे चांगला पीएच समोर आलेला सिंहही वयाने कमी वाटला तर सोडून देतो. एकविसाव्या दिवशी रिकाम्या हाताने परतलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना एक डॉलरही परत मिळाला नाही, आणि मिळू नये हेच योग्य आहे, नाहीतर कोवळे सिंह मारले जातील.

प्रतिसाद : कुरणवाट

हिशेबनीसांनी जे लिहिले ते 'डेंजरस गेम'चे, म्हणजे हत्ती, सिंह, बिबळ्या, बफेलो आणि गेंडा यांच्या शिकारीचे आहे. आफ्रिकेत जाणाऱ्या बहुसंख्य शिकाऱ्यांचा खर्च त्याहून फार कमी असतो, कारण ते दक्षिण आफ्रिकेत किंवा नामिबियात 'प्लेन्स गेम'साठी, म्हणजे इम्पाला, कुडू अशा हरणांसारख्या जनावरांसाठी, जातात. तिथे दिवसाला 400-500 डॉलर, इम्पालाचे सुमारे 400 ते 600, कुडूचे अडीच-तीन हजार अशी पद्धत असते, आणि सात दिवसांत चार-पाच जनावरे धरून सहा-आठ हजारांत काम होते. दक्षिण आफ्रिकेत दैनिक दरावर 15 टक्के व्हॅट लागतो. दरपत्रकात तो धरला आहे की नाही हे आधीच विचारावे. स्वतःची बंदूक न्यायची असेल तर तिथल्या पोलिसांचा एसएपीएस 520 हा अर्ज भरावा लागतो आणि प्रत्येक बंदुकीमागे 200 पर्यंतच काडतुसे नेता येतात.

स्वस्ताईचे कारणही सांगतो. तिथली बरीचशी शिकार खासगी, कुंपण घातलेल्या जमिनींवर होते आणि जनावर जमीनमालकाच्या मालकीचे असते. त्यामुळे किंमत बाजार ठरवतो, सरकारी कोटा नव्हे.

प्रतिसाद : मृणालिनी

अरण्यवाचकजी, मी शिकारीच्या विरोधात आहे हे आधीच सांगते, म्हणजे माझे मत माझ्या आकड्यांमागे लपणार नाही. कुरणवाट यांनी कुंपणाचा उल्लेख ओझरता केला. मला तिथेच थांबावेसे वाटते. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात जन्मलेला, माणसाच्या हातून वाढलेला सिंह शिकारीसाठी विकला जातो आणि त्याची किंमत रानातल्या सिंहाच्या किमतीच्या कितीतरी खाली असते, कारण एकवीस दिवसही नकोत आणि मागही काढायला नको. मालाची आधीच तयारी करून ठेवलेली असते. 2021 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने हा धंदा बंद करण्याची शिफारस केली. स्वस्त सिंहामागे काय असते हे तुमच्या लेखात यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे म्हणजे सेसिल नावाच्या सिंहाचे उदाहरण. जुलै 2015 मध्ये झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर तो मारला गेला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि त्याच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा माग ठेवणारा पट्टा होता. त्या शिकारीसाठी सुमारे 50,000 डॉलर मोजले गेल्याची बातमी जगभर छापून आली. तोच सिंह पाहायला वर्षानुवर्षे लोक ह्वांगेत पैसे भरून येत होते. उद्यानात वाढलेल्या जनावराची किंमत हद्दीबाहेरच्या माणसांनी घ्यावी, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली आणि जिवंत जनावरे दाखवूनच पर्यटन उभे केले, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद : हिशेबनीस

मृणालिनीताई, पिंजऱ्यातल्या सिंहांबद्दल आपण जे लिहिले त्याच्याशी मी शब्दशः सहमत आहे. माझ्या ओळखीच्या कुठल्याही पीएचला तो प्रकार मान्य नव्हता. केनियाबाबत मात्र एक अडचण मांडतो. मसाई मारासारखी उघडी कुरणे आणि चांगले रस्ते जिथे आहेत तिथे पर्यटक येतो. झांबेझी खोऱ्यातील दांडेसारख्या भागात दाट झुडपे आहेत, रोग पसरवणारी त्सेत्से माशी आहे, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे छायाचित्रे काढायला फारसे कोणी येत नाही. तिथे शेजारच्या गावांना उत्पन्न मिळते ते मुख्यतः शिकारीतूनच. बोट्स्वानाने 2014 मध्ये शिकार बंद केली, 2019 मध्ये बंदी उठवली आणि 2020 मध्ये हत्तींच्या परवान्यांचा दहा-दहाच्या गटांनी लिलाव केला, त्यामागे हत्तींशेजारी राहणाऱ्या गावांची हीच तक्रार मोठी होती.

आता अरण्यवाचकजींचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच कळीचा आहे. गावाचा वाटा देशागणिक बदलतो. झिम्बाब्वेत 1989 पासून वन्यजीवांच्या उत्पन्नातला वाटा गावांना देणारा 'कॅम्पफायर' कार्यक्रम आहे. त्यात पैसा ग्रामीण जिल्हा परिषदेमार्फत जात आला आणि मार्गदर्शक नियमांत गावांसाठी 55 टक्के वाटा ठरवला गेला. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावसमूहांना 'कन्झर्व्हन्सी', म्हणजे स्वतः सांभाळायचे वन्यजीव क्षेत्र, स्थापन करून शिकारीचा करार स्वतः करण्याचा हक्क मिळाला, त्यामुळे रक्कम थेट त्यांच्या खात्यात येते. तिथल्या न्याए न्याए कन्झर्व्हन्सीतील सान या आदिवासी लोकांना पैशांबरोबर हत्तीचे मांसही मिळते. खासगी शेतावर मारलेल्या कुडूत मात्र गावाचा असा वाटा नसतो. मिळते ती मजुरी.

हे कागदावरचे झाले. आमच्या एका हंगामातील वाटा गावात पोहोचायला चौदा महिने लागले होते. दरम्यान हत्तींनी दोनदा मका तुडवला होता. वॉर्डाचा कारकून माझ्याकडे येऊन वहीतली तारीख पुन्हा पुन्हा पाहून जाई, कारण कंपनीने पैसे भरल्याची नोंद त्याला लोकांना दाखवायची होती. त्यामुळे आपल्या लेखात टक्केवारी देणार असाल तर पैसे कधी भरले आणि गावाला कधी मिळाले, या दोन तारखाही मिळवा.

प्रतिसाद : कुरणवाट

एक राहिले. परवान्याची रक्कम आणि ती ट्रॉफी घरी नेण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी 2014 मध्ये डॅलस येथे नामिबियातील एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना 3,50,000 डॉलरला लिलावात गेला. प्रजननाचे वय उलटलेल्या आणि इतर गेंड्यांवर हल्ले करणाऱ्या म्हाताऱ्या नरासाठी तो होता. प्रत्यक्ष शिकार मात्र मे 2015 मध्ये झाली, कारण अमेरिकेची आयात परवानगी मिळेपर्यंत शिकारी थांबला. त्याच 2014 मध्ये अमेरिकेने टांझानिया व झिम्बाब्वेतील हत्तींच्या ट्रॉफींची आयात थांबवली, तेव्हा आगाऊ रक्कम भरून बसलेल्यांपुढे सुळे मायदेशी न्यायचा मार्गच उरला नाही.

प्रतिसाद : अरण्यवाचक

सर्वांचे मनापासून आभार. ज्या कंपनीचे दरपत्रक माझ्याकडे आहे तिला मी आज तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत: शिकारीचे क्षेत्र कोणाच्या मालकीचे आहे, ट्रॉफी फीतून कोणाला किती टक्के मिळतात, आणि मागील हंगामाचा वाटा गावाला कोणत्या तारखेस मिळाला. हिशेबनीस, जखमी जनावराबद्दलची अट या दरपत्रकात आहे का, हे मी आपण विचारण्याआधीच शोधले. ती शेवटच्या पानावर, सर्वांत बारीक अक्षरात आहे.