क्रूझला स्नॉर्केलिंगचं सामान स्वतःचं न्यायचं की तिथेच भाड्याने?

निळी_मासोळी: मंडळी, ७ रात्रींची कॅरिबियन क्रूझ बुक केलीये, कोझुमेलला (मेक्सिकोचं बेट) रीफवर, म्हणजे प्रवाळावर, स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत मासे बघणं) आणि ग्रँड केमन बेटावर स्टिंगरे सिटी (उथळ पाण्यात स्टिंगरे मासे बघायची जागा) अशा दोन टूर घेतल्यात. टूरवाले सगळं देतात म्हणे, पण मागे एकदा भाड्याच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं आणि मासे कमी नि नाकातोंडात खारं पाणीच जास्त झालं. मला मायनस ४ नंबर आहे आणि नवऱ्याला भरघोस मिशी. बॅगेत जागा कमी. काय नेऊ, काय सोडू?

खारट_पाणी: मास्क आणि स्नॉर्कल (श्वासाची नळी) न्याच, बाकीचं बघता येईल. मास्क घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा, चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर कितीही भारी असो घेऊ नका. मायनस नंबरच्या काचा बसवलेले मास्क तयार मिळतात, तुम्ही तर तेच घ्या, चष्म्याच्या काड्या मध्ये आल्या की सील होतच नाही. मिशीचं म्हणाल तर नाकाच्या लगेच खालची बारीकशी पट्टी भादरली की बरंच काम होतं 😄
आणि हो, काच नवी असताना तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, पांढऱ्या टूथपेस्टने दोनतीनदा चोळून धुवा नाहीतर पाण्यात उतरल्या उतरल्या धुकं. (काचेलाच हं, प्लॅस्टिकला ओरखडे पडतात.)

भटकी_पावलं: फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) राहू देत. आम्ही हौसेने लांब फिन्स नेल्या, अर्धी बॅग त्यांनीच खाल्ली. स्टिंगरे सिटीच्या सँडबारवर (पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर) पाणी कमरेएवढं असतं, तिथे फिन्सचं कामच नाही, आणि कोझुमेलला टूरवाले देतील. मास्क मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते.
वाळवायचं टेन्शन वेगळंच. बाल्कनीच्या कठड्यावर काही अडकवू नका, वाऱ्याने उडतं आणि बऱ्याच जहाजांवर चालतही नाही. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे दोनचार हुक न्या. आधी गोड्या पाण्याने धुवायचं हे विसरलात तर केबिनला असला वास सुटतो की विचारू नका.

निळी_मासोळी: भारीच! अख्खा चेहरा झाकणारा मास्क कसा? त्यात मिशीचा प्रश्नच मिटेल असं नवरा म्हणतोय.

खारट_पाणी: मी तरी घेणार नाही. एक तर नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणजे जरा खाली बुडी मारली की कानाचा दाब काढणं बंद. आत पाणी शिरलं तर साध्या मास्कसारखं नाकाने फुंकून बाहेर काढता येत नाही, अख्खा काढावा लागतो. डिझाइन वाईट असेल तर सोडलेलीच हवा परत आत घेतली जाते ती वेगळी भीती. आणि तुमच्या नंबरचं काय?

निळी_मासोळी: पटलं. नंबरचा मास्क, स्नॉर्कल आणि हुक फायनल, फिन्स कटाप. पट्टी भादरायचं नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, आधी तिकिटं प्रिंट होऊ देत.